नारळाला एकटं टाकून?

आमच्या घरी उन्हाळ्यात सहल निघते, पण अख्खं घर कधीच निघत नाही. एकाला नारळापाशी थांबावं लागतं.

राहायला आम्ही अमरावतीच्या दर्यापूर तालुक्यात, आणि नारळ रत्नागिरीचा. मे महिन्यात समुद्र पाहायला गेलो होतो. तिथल्या चिकचिकीत घाम वाळता वाळत नाही. आमच्याकडे तो बाहेर पडायच्या आधीच वाळतो. पोरं लाटांत, मी सावलीत आणि बायको रोपवाटिकेत. परतताना मुंबईहून अंबा एक्सप्रेसच्या खालच्या बर्थवर नारळाचं रोप आणि हापूसचं कलम झोपून आले. मी बसून आलो.

रोपवाटिकेवाल्यानं बजावलं होतं, "मुळाशी पाणी साचू देऊ नका." त्याच्याकडे जांभ्याची माती, ३००० मिलिमीटर कोसळलं तरी निथळून जाते. आमच्याकडे ८०० झाला की लोक "यंदा लय झाला बाप्पा" म्हणतात. तेवढ्यातही काळी चिकण माती पाणी धरून बसते, आणि उन्हाळ्यात अशी भेगाळते की मोबाईल पडला तर हात घालून शोधावा लागतो.

गावात सल्ल्यांना तोटा नाही. शेजारच्या काकांनी विचारलं, "भाऊ, नारळाले खारं पाणीच लागते ना? मंग आपल्या हिरीचं काय कमी खारं हाय?" मुद्दा बिनतोड होता. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. समुद्र नसला म्हणून काय झालं, मीठ आहे. पण कोकणातला पाऊस ते मीठ धुऊन नेतो, आमची माती ते पोटाशी धरून ठेवते. विहिरीचं पाणी दिल्यावर नारळाच्या पानांची टोकं करपली. काकांनी ते उन्हावर ढकललं.

तेव्हापासून नारळाला नळाचं गोडं पाणी. नळ येतो त्याच्या मनानं. म्हणून घरात आधी नारळ, मग माय, मग पोरं, आणि माझी आंघोळ उरलंसुरलं पाहून. पारा पंचेचाळीसला टेकला की त्याच्यावर हिरवी नेट, नेटवर ओलं बारदान. कूलरचं तोंडही खिडकीतून बाहेर फिरवून झालं. मायनं विचारलं, "काऊन रे, मी वाळली तरी चालते का?" कूलर आत आला. हापूसचं कलम मात्र शहाणं निघालं. पहिल्याच वैशाखात त्यानं देह ठेवला आणि सगळ्यांची सुटका केली.

यंदा चिखलदऱ्याचं ठरलं. अकराशे मीटर उंची, गार वारा, वर गेल्यावर खमंग भजी. सकाळी जीप दारात आली. बायको नारळाकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे. मी पिशवीतून माझा टॉवेल काढून घेतला.

भर दुपारी वावटळ आली आणि नेट शेजाऱ्याच्या टिनावर जाऊन पडली. मी ती काढायला निघणार तेवढ्यात व्हिडिओ कॉल. मागे दरी, पोरांच्या हातात कणसं, मायच्या अंगावर चक्क शाल.

"जेवलो मी," मी म्हणालो.

"हो का. नारळ दाखवा."

मी नारळापुढे जाऊन फोन त्याच्याकडे वळवला.

"अहो, तुमची सावली पडून राहिली त्याच्यावर."

मी बाजूला झालो.

"अहो, सरकता काऊन? नेट कुठे गेली? तसेच उभे राहा ना ऊन उतरेपर्यंत!"