फावडं कशाला?

आज सकाळपासून रागाने हात थरथरतायत. सोसायटीच्या मागच्या कंपोस्टच्या खड्ड्यात पांढरी, लांबट, एकमेकांना चिकटलेली अंडी निघाली. मी खाली पोचेपर्यंत बरीचशी ठेचून झाली होती आणि वरून फिनाईल ओतायची तयारी चालली होती. म्हणे, "सापाची आहेत, मॅडम!" बरं मग? अंडी चावतात का?

हीच मंडळी मार्चमध्ये वेळासला जाऊन कासवाची पिल्लं समुद्राकडे जाताना बघून डोळे पुसत होती. ती पिल्लं कशातून आली होती?

मी दहा वर्षांची असताना आजोळी शेणाच्या गायरीत अशीच सात अंडी सापडली होती. आजी म्हणाली, "धामणीची असतील. झाक बघू परत, उंदीर खाते ती आपले." मी ऐकलं नाही. गुपचूप उचलून बुटांच्या खोक्यात कापसावर ठेवली आणि कोंबडी करते तशी रोज उलटवत राहिले. एकातूनही पिल्लू निघालं नाही. पुढे कळलं, सापाच्या अंड्यात गर्भ आतून कवचाला चिकटलेला असतो, अंडं फिरवलं की मरू शकतो. सात जीव. मायेने मारले मी.

म्हणून सांगते, हात लावू नका. आहेत तशीच राहू द्या, वर अलगद पाचोळा लोटा आणि बाजूला व्हा. कुंडीच्या मातीत सरड्याची निघाली तरी तेच. आणि "घोणशीची असतील" म्हणून ओरडू नका, घोणस अंडी घालतच नाही, थेट पिल्लंच देते.

हो, नागाची असू शकतात आणि नागीण जवळपास असते, मान्य. मग वनखात्याच्या 1926 ला फोन करा ना! 1972 च्या वन्यजीव कायद्याने सापाच्या अंड्यालाही प्राणीच मानलंय.

माळीकाकांवर ओरडले ते मात्र चुकलं माझं. त्यांचा भाऊ साप चावून गेला, हे मला आज कळलं. उद्या जाऊन माफी मागणार आहे. राग त्यांच्यावर नाहीच, गॅलरीतून "ठेचा, ठेचा" म्हणणाऱ्यांवर आहे.

तीन अंडी शाबूत राहिलीयत. फावड्याने लोळलेली, कुठली बाजू वर होती कुणास ठाऊक. मला ते खोकंच दिसत होतं डोळ्यांपुढे. उचलली नाहीत, पडली तिथेच झाकली. पिल्लं निघायला साधारण दोन महिने लागतात. तोवर बी विंगमागचा खड्डा कुणी उपसू नका. ओला कचरा माझ्या दाराशी आणून ठेवा, मी बघते त्याचं काय करायचं ते.