पाळणा हलता ठेवायचा असेल तर

भावा, बाप झालास, अभिनंदन! पेढे वाटून झाले, रंकाळ्यावर दोस्तांना भेळ चारून झाली. आता दीड वर्षात दुसऱ्यांदा पेढे वाटायचे असतील तर एकच पथ्य पाळ: बाळाची लस आणि बाळाच्या आईचं कुटुंब नियोजन, या दोघांची गाठ पडू द्यायची नाही.

पहिला धोका दवाखान्यातच. बाळंतपणानंतर 48 तासांच्या आत तांबी बसवता येते. सिस्टरनी विषय काढला की म्हण, "आत्ता दमलीय ती, नंतर बघू." 'नंतर'ला ना तारीख असते, ना केसपेपर.

पुढं दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची लस. बायको तीनदा आपल्या पायानं केंद्रात जाणार. अंगावर पाजणाऱ्या आईला दीड महिन्यानंतर 'अंतरा'चं गर्भनिरोधक इंजेक्शन चालतं, तेही तीन महिन्यांतून एकदाच. म्हणजे एका फेरीत मायलेकरांचं काम! पण घाबरू नकोस, व्यवस्था आपल्याच बाजूची आहे. मी गेलो त्या केंद्रात लस डाव्या खोलीत, 'कुटुंब कल्याण' उजव्या. मधे दहा पावलांचा व्हरांडा, आणि उजवीकडचा वार वेगळा. भुदरगडातल्या वाडीवरून काखेत पोर घेऊन एस्टीनं आलेली बाई त्या दहा पावलांसाठी गुरुवारी परत येतीय व्हय?

आशाताईंपासून मात्र जपून. चहा घेता घेता म्हणतात, "दोन वर्षं तरी मधे जाऊ द्या." लगेच तुझ्या आईंना पुढं कर. त्या म्हणतील, "अंगावर पितंय तोवर काय होत नाही!" याला तीन अटी आहेत: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी आलेली नाही आणि आईच्या दुधाशिवाय पोटात थेंब नाही. आईंची घुटी बाराव्या दिवसापासून चालू आहे, हे कुठं बोलू नकोस. पुरुषांच्या बिनटाक्याच्या नसबंदीचं नाव निघालं, तर तालमीचं नाव सांग आणि उठ. (आखाडा सोडून तुला दहा वर्षं झाली, हे आशाताईंना कुठं माहीत?)

नऊ महिने भरले की गोवर-रुबेलाची लस. सिस्टर कार्ड उघडतील. लसीचं पान हळदीच्या बोटांनी पिवळं, नियोजनाचं पान कोरं करकरीत. बाळ रडून शांत झालं की बायको हळूच विचारेल, "सिस्टर, पाळी चुकलीय. नवं कार्ड कुठं मिळतं?"

ते मात्र त्याच टेबलावर मिळतं.