गाडी इकाची हाय? मंग पीयूसी काढूच नका!

आमच्याकडे जुनी गाडी विकण्याचा एक हंगाम असतो. कापसाचे पैसे हातात आले, लग्नाच्या तिथी निघाल्या की माणसं चारचाकी पाहत गावोगाव फिरतात. तुमच्या अंगणात एखादी डिझेलवाली उभी असेल, पाटीवर एमएच-२९ आणि मागच्या काचेवर ‘आईचा आशीर्वाद’, तर भाऊ, मी सांगतो तसं करा. मी एक गाडी विकलेली आहे. अनुभवाचे बोल आहेत.

सगळ्यात आधी गाडी धुवा. सीटकव्हर बदला, टायरला काळं पॉलिश मारा, आरशाला लिंबू-मिरची नवी बांधा. गिऱ्हाईक दरवाजा आपटून पाहते, टायरला लाथ मारते, एसी लावून तोंड पुढं करते. सोबत आणलेला मेव्हणा बॉनेट उघडून ‘हं’ म्हणते. सायलेन्सरच्या मागं जाऊन कोणीच उभं राहत नाही. ही आपल्यावर देवाची कृपा आहे.

गिऱ्हाईक नऊला येणार असेल तर आठलाच गाडी पांदण रस्त्यानं एक चक्कर फिरवून आणा. थंडगार इंजिन पहिल्या सेलला खरं बोलते. मी हे विसरलो. उन्हाळा होता, आमच्या काकूनं बाजेवर धुतलेलं लुगडं अंथरून कुरडया वाळत घातल्या होत्या. मी ऐटीत चावी फिरवली. गाडी दोनदा खोकली आणि मग जे काळं निघालं, ते थेट बाजेवर जाऊन बसलं. पांढऱ्याशुभ्र कुरडयांवर तीळ पेरल्यासारखी काजळी. काकूनं एक कुरडई उचलली, बोटानं पुसून पाहिली आणि गिऱ्हाईकासमोरच बोलली, “एवढा काया धूर तं माह्या चुलीतूनबी निंगत नाई रे बापा. कोन घेते हे?”

तर बायाबापड्यांना त्या दिवशी देवदर्शनाला पाठवा.

तरीही कोणाला धूर दिसलाच तर उत्तरं तयार ठेवा. काळा म्हणजे डिझेल पुरतं जळत नाही. एअर फिल्टर तुंबला असेल, नोझल गळत असेल किंवा पंपाची सेटिंग गेली असेल. तुम्ही म्हणा, “पिकअप हाय भाऊ, पिकअप!” निळसर म्हणजे इंजिन ऑइलच जळतंय, रिंगा गेल्या. तुम्ही म्हणा, “कालच नवं ऑइल टाकलं.” आणि गाडी तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर हेड गॅस्केट फुटून पाणी आत चाललं असण्याची शंका घ्यावी. त्यावर थंडीचं कारण सांगा. मे महिना असेल तर विषय बदला, कापसाच्या भावावर या.

आता मुद्द्याचं. पीयूसीवाल्याकडे, म्हणजे धूर तपासून प्रमाणपत्र देणाऱ्याकडे, चुकूनही जाऊ नका. तालुक्याच्या रस्त्यावर पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात त्याची व्हॅन उभी असते, आत एक कॉम्प्युटर, एक मशीन आणि धुळीनं माखलेला पंखा. शे-दीडशे रुपयांत तो तुमच्या गाडीची अब्रू काढतो. सायलेन्सरमध्ये नळी घालतो आणि म्हणतो, “दाबा भाऊ, पुरा दाबा.” पुन्हा सोडायला लावतो, पुन्हा दाबायला लावतो. डिझेल गाडीच्या धुरातून प्रकाश किती अडतो ते मशीन मोजते. बीएस म्हणजे धुराच्या सरकारी नियमांचे टप्पे, आकडा जेवढा मोठा तेवढा नियम कडक. बीएस-४ च्या आधीच्या गाडीला २.४५ पर्यंत माफ आहे, बीएस-४ ला १.६२ आणि बीएस-६ ला फक्त ०.७. माझी गाडी बीएस-३ च्या जमान्यातली, म्हणजे सवलतीच्या रांगेत बसणारी. तरी आकडा पावणेचारच्या वर गेला. पोरगा पडद्याकडे पाहून म्हणाला, “भाऊ, हे तं वीटभट्टी हाय.”

मग आवाज खाली आणून त्यानं एक तोडगाही सुचवला. फोटो तुमच्या गाडीचा आणि नळी शेजारच्या गाडीत. मी तत्त्वाचा माणूस नाही, केलं असतं. पण शेजारी उभी गाडी पेट्रोलची निघाली.

पूर्वी बरं होतं, चिठोरं कुठूनही छापून मिळायचं. २०२१ पासून देशभर एकाच नमुन्याचं प्रमाणपत्र आलं, वर क्यूआर कोड, आणि नोंद सरळ वाहन पोर्टलवर. तेही जन्मभराचं नाही. बीएस-४ आणि पुढच्या गाड्यांना वर्षभर चालते, आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना सहा महिने. रस्त्यात धरलं तर कायद्यात दहा हजारांपर्यंत दंड लिहिलेला आहे. एवढ्यात नवं नोझल येते, फिल्टर येतो आणि वर मिस्त्रीचा चहा. पण नोझल बदलणं म्हणजे विकायच्या गाडीवर खर्च करणं. विकायच्या बैलाला कोणी सरकी चारते काय?

अडचण एवढीच, की नाव बदलायला आरटीओत फॉर्म २९, फॉर्म ३०, आरसी आणि विमा यांच्यासोबत चालू पीयूसीही लागते. तिच्यावाचून अर्ज पुढं सरकत नाही. यावर उपाय सोपा आहे. नावच बदलू नका. पाचशेचा स्टॅम्प पेपर घ्या, तहसीलसमोरच्या लिहिणाऱ्याकडून ‘आजपासून गाडीशी माझा काही संबंध नाही’ असं लिहून घ्या, दोन साक्षीदारांना भजी खाऊ घाला. स्टॅम्पला पाचशे देताना आपला हात कापत नाही; पीयूसीला दीडशे म्हटलं की लूट वाटते. कायदा म्हणतो, विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत कळवायचं. आमच्या गिऱ्हाईकानं मला छातीवर हात ठेवून सांगितलं, “पोया झाला का नाव करून घेतो भाऊ.” कोणत्या सालचा पोळा, हे मी विचारलं नाही.

त्यानंतर मोबाइलवर चलान येऊ लागले. सीटबेल्ट नाही, अमरावती. वेगमर्यादा, समृद्धी महामार्ग. मला तर अभिमानच वाटला. माझ्या हातात ही गाडी साठच्या वर कधी गेली नव्हती. वकिलाला स्टॅम्प पेपर दाखवला. त्यानं तो सुपारीच्या पुडीसारखा घडी करून परत दिला. म्हणाला, सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्येच सांगून ठेवलंय, गाडी कितीही हातांतून फिरो, अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, भरपाई त्याच्याच गळ्यात.

अपघात नाही झाला. त्यापेक्षा बरं झालं. एका सकाळी वर्धा जिल्ह्यातल्या एका ठाण्यातून फोन आला. वर्धा म्हणजे १९७४ पासून दारूबंदी. माझ्या गाडीच्या मागच्या सीटखाली देशीच्या पेट्या सापडल्या होत्या, चालवणारा तुरीच्या वावरातून पळाला होता आणि कागदावर मालक म्हणून मी उरलो होतो. माळकरी माणूस मी, आषाढीला उपास करणारा.

गेलो. गाडी ठाण्याच्या आवारात कडुनिंबाखाली उभी होती. ‘आईचा आशीर्वाद’ तसाच. पंचनामा झाला, सह्या झाल्या, जबाब झाला. स्टॅम्प पेपर पुन्हा काढला, हवालदारानं वाचला आणि चहाच्या कपाखाली ठेवला. मग गाडी सावलीतून हलवायला एका शिपायानं चावी फिरवली. गाडी दोनदा खोकली.

धूर व्हरांड्यापर्यंत आला. हवालदारानं रुमाल नाकाला लावला, कपाखालचा कागद झटकला आणि माझ्याकडे पाहून पहिल्यांदाच जरा चिडून विचारलं, “काहो, पीयूसी हाय काय हिची?”