‘अमेरिकेने एलियन असल्याचं कबूल केलंय’: त्या संदेशातल्या एकेका दाव्याला उत्तर

उडत्या तबकड्या आणि परग्रहावरचे जीव हा माझा शाळेपासूनचा ध्यास. या विषयावरचं काही दिसलं की आजही मी हातातलं काम बाजूला ठेवून आधी ते वाचतो. म्हणूनच गेली काही वर्षं रूपं बदलत फिरणारा एक संदेश मला टोचत राहतो. ‘एलियन आहेत, अमेरिकेने कबूल केलंय, शास्त्रज्ञ मात्र लपवतायत,’ अशी त्याची सुरुवात. खाली पुराव्यांची जंत्री: पेंटागॉनचे व्हिडिओ, संसदेपुढची शपथेवरची साक्ष, रॉसवेलचे मृतदेह, ‘वॉव’ सिग्नल, सूर्यमालेत शिरलेलं ओमुआमुआ नावाचं यान, पिरॅमिड. आणि शेवटी प्रश्न: ‘अब्जावधी तारे असताना आपण एकटेच कसे असू?’

हा शेवटचा प्रश्न माझाही आहे. वरची जंत्री त्याचंच नुकसान करते. उत्तर मिळालंच आहे म्हटलं की शोध घ्यायचं कारण उरत नाही, आणि जंत्रीतला एकेक पुरावा गळून पडला की लोक मूळ प्रश्नालाही हसण्यावारी नेतात. मला ते नको आहे.

‘पेंटागॉनने व्हिडिओ प्रसिद्ध करून मान्य केलं.’

प्रसिद्ध केले, हे खरं. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने नौदलाच्या विमानांनी टिपलेले तीन व्हिडिओ अधिकृतपणे खुले केले. एक २००४चा, दोन २०१५चे. मान्य केलं ते एवढंच, की चित्रण खरं आहे आणि त्यातल्या वस्तूंची ओळख पटलेली नाही.

त्यातला ‘गोफास्ट’ हा व्हिडिओ सगळ्यात जास्त फिरतो. एक ठिपका समुद्राच्या पाण्यालगत सुसाट जाताना दिसतो आणि वैमानिक थक्क होऊन ओरडतात. पण पडद्यावर विमानाची उंची, कॅमेऱ्याचा कोन आणि वस्तूचं अंतर हे आकडेही दिसत असतात. नासाने खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड स्पर्गेल यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या स्वतंत्र अभ्यासगटाने सप्टेंबर २०२३च्या अहवालात त्याच आकड्यांवर साधी त्रिकोणमिती लावली. वस्तू पाण्यालगत नव्हतीच. ती सुमारे १३,००० फुटांवर होती आणि विमान २५,००० फुटांवर. वस्तूचा वेग निघाला ताशी साधारण ६५ किलोमीटर, म्हणजे त्या उंचीवर वाऱ्याने वाहत जाण्याइतका. धावत्या गाडीच्या खिडकीतून जवळची झाडं मागे पळताना दिसतात, तसा इथे विमानाचाच वेग त्या वस्तूच्या खात्यात जमा झाला. शाळेतल्या गणिताने सुटणारी गोष्ट आहे ही, आणि मला ती कोणत्याही रहस्यकथेपेक्षा जास्त थरारक वाटते.

जून २०२१मध्ये अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणेने १४४ नोंदींचा अहवाल दिला. त्यातल्या एकाच वस्तूची ओळख खात्रीने पटली होती: हवा निघत चाललेला मोठा फुगा. उरलेल्या १४३ म्हणजे परग्रहावरची यानं, असं संदेश सांगतो. अहवालाचं म्हणणं होतं की निष्कर्ष काढण्याइतकी माहितीच हाती नाही. पुढे याच कामासाठी नेमलेल्या ‘आरो’ या कार्यालयाने १९४५पासूनच्या सगळ्या सरकारी तपासांचा आढावा घेतला आणि मार्च २०२४मध्ये सांगितलं की परग्रहावरच्या तंत्रज्ञानाचा कसलाही पुरावा सापडलेला नाही. संदेशात जिला कबुली म्हटलं आहे, ती कागदावर नेमकी उलटी आहे.

२००४चं प्रकरण मात्र मी हातावेगळं करणार नाही. निमित्झ या विमानवाहू नौकेवरचे अनुभवी वैमानिक डेव्हिड फ्रेव्हर आणि त्यांच्या सोबतच्यांनी पंख नसलेली, पांढरी, लांबट वस्तू डोळ्यांनी पाहिली. दोन विमानांतल्या माणसांनी. आपण जो व्हिडिओ पाहतो तो मात्र त्यांचा नाही. तो नंतर गेलेल्या दुसऱ्या विमानाने घेतला. त्यांना काय दिसलं याचा उलगडा मला आजवर पटेल असा कुणी केलेला नाही, आणि हा प्रसंग मला सगळ्यांत जास्त खुणावतो. पण उलगडा न होणं ही मोकळी जागा आहे, आणि तिथे ‘एलियन’ लिहायलाही पुरावाच लागतो.

‘शपथेवर साक्ष दिली, म्हणजे खरंच असणार.’

२६ जुलै २०२३ रोजी माजी गुप्तचर अधिकारी डेव्हिड ग्रश यांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितलं की सरकारकडे कोसळलेली यानं आणि मानवेतर जैविक अवशेष आहेत. त्याच साक्षीत त्यांनी हेही सांगितलं की हे आपल्याला इतरांनी सांगितलं; आपण स्वतः ते पाहिलेलं नाही. शपथेमुळे एवढंच ठरतं की त्यांनी ऐकलेलं प्रामाणिकपणे सांगितलं. ऐकीव गोष्टीचा पुरावा त्यामुळे तयार होत नाही.

‘रॉसवेलला यान कोसळलं, मृतदेह सापडले, सरकारने दडपलं.’

दडपलं, यात तथ्य आहे. काय दडपलं हे पाहायला हवं.

जून १९४७च्या अखेरीस केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाने माउंट रेनियरजवळ नऊ चकाकत्या वस्तू पाहिल्याची बातमी आली आणि अमेरिकेत ‘उडत्या तबकड्यां’ची लाट उसळली. त्याच दिवसांत न्यू मेक्सिकोतल्या एका पशुपालकाने आपल्या कुरणात सापडलेला चुरा अधिकाऱ्यांना दाखवला: चंदेरी कागद, रबराच्या चिंध्या, काड्या, चिकटपट्टी. ८ जुलैला रॉसवेलच्या हवाई तळाने उत्साहाच्या भरात ‘उडती तबकडी हाती आली’ असं पत्रक काढलं आणि काही तासांतच ‘हवामानाचा फुगा होता’ अशी सारवासारव केली. ही सारवासारव खोटीच होती. अमेरिकेच्या हवाई दलाच्या १९९४च्या अहवालाप्रमाणे तो चुरा ‘मोगल’ या गुप्त प्रकल्पातल्या फुग्यांच्या माळेचा होता. सोव्हिएत रशियाने अणुस्फोट केला तर त्याच्या ध्वनिलहरी वातावरणात फार उंचावर टिपता याव्यात म्हणून हे फुगे सूक्ष्म ध्वनिग्राहकं घेऊन सोडले जात. रशियाची पहिली अणुचाचणी झाली १९४९ मध्ये. १९४७ साली हे काम किती नाजूक असेल याची कल्पना करा.

आणि मृतदेह? १९४७च्या बातम्यांत मृतदेहांचा उल्लेखच नाही. ते प्रकरण तीस वर्षं निपचित पडलं होतं. १९७८ नंतर ते पुन्हा उकरलं गेलं आणि तेव्हापासून देहांच्या कथा वाढत गेल्या. टेबलावरच्या देहाची जी फीत या दाव्याबरोबर फिरते ती १९९५मध्ये बाहेर आली, आणि ती आपण नव्याने रचून चित्रित केली होती हे तिच्या निर्मात्याने २००६ साली स्वतःच मान्य केलं.

सरकारं लपवतात, हे मला पटवून द्यायची गरज नाही. १९५५पासून ६०,००० फुटांवरून उडणारी यू-२ हेरविमानं अमेरिकेने लपवली. त्या काळी प्रवासी विमानं त्याच्या निम्म्याही उंचीवर नसत. मावळतीनंतर त्या विमानांवर चमकणारं ऊन पाहून लोकांनी तबकड्या कळवल्या आणि हवाई दलाने खरं कारण ठाऊक असून खोटी कारणं दिली. म्हणजे गुप्तता खरी होती. तिच्याआड होती माणसाचीच यंत्रं.

‘वॉव सिग्नल आला होता, शास्त्रज्ञांनी तो दाबला.’

१५ ऑगस्ट १९७७ रोजी ओहायोतल्या ‘बिग इअर’ या रेडिओ दुर्बिणीने ७२ सेकंदांचा जोरदार सिग्नल टिपला. जेरी एमन यांनी छापील कागदावर त्याभोवती वर्तुळ काढून शेजारी ‘वॉव!’ लिहिलं. दाबायचं असतं तर असं कुणी लिहिलं नसतं. विश्वात सगळीकडे असलेला हायड्रोजन ज्या वारंवारितेवर रेडिओ लहरी सोडतो तिच्याजवळ हा सिग्नल होता, म्हणजे दूरच्या कुणाला हाक द्यायची तर निवडावी अशा ठिकाणी. पण दुर्बिणीला सिग्नल टिपणारे दोन ग्राहक (रिसीव्हर) होते. एकाने टिपलेला स्रोत सुमारे तीन मिनिटांच्या अंतराने दुसऱ्याच्याही टप्प्यात यायला हवा होता. एकाच ग्राहकाला तो मिळाला. नंतर अनेकदा त्या दिशेला कान लावले, पुन्हा काही ऐकू आलं नाही. कारण आजही ठरलेलं नाही, आणि कुणी ठरल्याचं सांगत असेल तर ते दोन्ही बाजूंनी चूक आहे.

‘शास्त्रज्ञ दाबतात’ या आरोपाने मला खरोखर राग येतो, कारण इतिहास अगदी उलटा आहे. १९६७मध्ये जोसेलिन बेल यांना दर १.३३ सेकंदांनी येणारी, घड्याळासारखी नियमित स्पंदनं सापडली. त्या गटाने स्रोताला ‘छोटी हिरवी माणसं’ असंच टोपणनाव दिलं होतं. मग बेल यांनाच आकाशाच्या वेगळ्या भागात तसाच दुसरा स्रोत मिळाला, म्हणजे ही कुणाची हाक नसून निसर्गातलंच काही असणार हे कळलं, आणि त्यातून पल्सार हा ताऱ्यांचा नवा प्रकार समोर आला. १९९६ साली मंगळावरून आलेल्या एका अशनीत सूक्ष्मजीवांच्या खुणा असाव्यात असं नासाच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं तेव्हा राष्ट्राध्यक्ष क्लिंटन स्वतः त्यावर बोलले. दावा पुढे टिकला नाही, पण लपवालपवीचा मागमूस तरी दिसतो का यात? ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीला वर्षानुवर्षं मिळणारे काही विचित्र सिग्नल वेधशाळेतल्याच मायक्रोवेव्ह ओव्हनचं दार वेळेआधी उघडल्याने येत होते, हेही २०१५मध्ये तिथल्याच संशोधकांनी शोधून छापलं.

जयंत नारळीकरांचा प्रयोग तर यासाठी मला फार मोलाचा वाटतो. जीवाणू अंतराळातून पृथ्वीवर येत असतील का, हे पाहण्यासाठी इस्रोच्या मदतीने हैदराबादहून फुगे सोडून २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली गेली. २००५च्या प्रयोगात जीवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या; एकीला इस्रोचं, एकीला आर्यभटाचं आणि एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांचं नाव दिलं. अंतराळातून जीव येतात या कल्पनेवर नारळीकरांचा जीव होता. तरीही २००९मध्ये निकाल जाहीर करताना स्पष्ट म्हटलं गेलं की हे जीवाणू पृथ्वीबाहेरचे आहेत असं यातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही.

‘ओमुआमुआ हे यानच होतं.’

ऑक्टोबर २०१७मध्ये हवाईतल्या दुर्बिणीला दुसऱ्या ताऱ्याकडून आलेली पहिली वस्तू दिसली. लांबट, शेपूट नसलेली, आणि सूर्यापासून दूर जाताना गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबापेक्षा किंचित जास्त वेग घेणारी. हार्वर्डचे अवी लोएब यांनी ती प्रकाशाच्या दाबावर चालणारी कृत्रिम वस्तू असू शकेल, असं उघडपणे मांडलं. प्रश्न म्हणून तो रास्त होता. २०१७ साली ग्रीन बँक या रेडिओ दुर्बिणीने तिच्याकडे कान लावला, काही मिळालं नाही. २०२३ मध्ये बर्फात अडकलेला हायड्रोजन बाहेर पडल्याने तेवढा धक्का मिळू शकतो असं स्पष्टीकरण पुढे आलं. १ जुलै २०२५ रोजी सापडलेल्या तिसऱ्या पाहुण्याबद्दल, थ्रीआय अ‍ॅटलसबद्दल, हीच आवई पुन्हा उठली. तो वायू आणि धूळ सोडणारा धूमकेतू निघाला. परक्या सूर्याभोवती घडलेलं बर्फ आपल्या अंगणातून जातं, हे पुरेसं अद्भुत नाही का?

‘पिरॅमिड माणसांना बांधता येणं शक्यच नव्हतं.’

२०१३मध्ये तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फ इथे पपायरस सापडले. त्यांत मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे: गिझाचा मोठा पिरॅमिड ज्याच्यासाठी बांधला त्या खुफू राजाच्या काळात मेरेरची माणसं तुऱ्याच्या खाणीतून चुनखडीचे दगड नावेतून गिझाला कशी नेत होती, याची. ज्यांनी ते दगड वाहिले त्यांचं श्रेय हिरावून परग्रहाला देणं मला अन्यायाचं वाटतं.

‘इतके तारे आहेत, मग जीव असणारच.’

मलाही वाटतं, असावेत. पण ‘असणारच’ म्हणता येत नाही. तारे मोजता येतात; जीव सुरू होण्याची शक्यता किती, हा आकडा कुणाकडेच नाही. आकाशगंगेत आपल्याशी संपर्क साधू शकतील अशा संस्कृती किती, याचा अंदाज घ्यायला १९६१मध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी मांडलेल्या समीकरणातही नेमका तोच भाग कोरा आहे. पृथ्वीवर किमान साडेतीन अब्ज वर्षांपासून सूक्ष्मजीव आहेत, म्हणजे सुरुवात लवकर झाली. पण प्राणी यायला त्यापुढे जवळजवळ तीन अब्ज वर्षं गेली. एकाच उदाहरणावरून नियम काढायचा कसा?

म्हणून दुसरं उदाहरण शोधायला हवं, आणि तो शोध ऐन रंगात आहे. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह १९९५मध्ये सापडला. आज अशा परक्या ग्रहांची संख्या ६,०००च्या पुढे आहे. बेन्नू या लघुग्रहावरून २०२३मध्ये आणलेल्या मातीत आपल्या प्रथिनांत लागणाऱ्या वीसपैकी चौदा अमिनो आम्लं मिळाली. शनीच्या एन्सेलाडस या चंद्राच्या भेगांतून समुद्राचं पाणी फवाऱ्यांसारखं उडतं, आणि त्या कणांत जीवाला लागणारं फॉस्फेट असल्याचं २०२३मध्ये कळलं. गुरूच्या युरोपा या चंद्राचा अभ्यास करणारं युरोपा क्लिपर हे यान ऑक्टोबर २०२४मध्ये निघालं असून २०३०मध्ये गुरूपाशी पोहोचेल.

आणि मंगळ. जुलै २०२४मध्ये तिथे फिरणाऱ्या नासाच्या पर्सिव्हिअरन्स गाडीला एका खडकावर बिबट्याच्या कातडीसारखे ठिपके दिसले. त्यांतली लोहयुक्त खनिजं पृथ्वीवर पुष्कळदा सूक्ष्मजीवांच्या कामातून तयार होतात, जीवाशिवायही होऊ शकतात. सप्टेंबर २०२५मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं आणि त्याला ‘जीवाची संभाव्य खूण’ एवढंच म्हटलं गेलं. त्या खडकाचा नमुना नळीत बंद करून ठेवला आहे. तो पृथ्वीवर आणून प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय काही ठरणार नाही, आणि आणण्याची मोहीम खर्चाच्या प्रश्नावर रखडली आहे. लोकांनी आरडाओरडा करावा, संदेश फिरवावेत, सरकारांना जाब विचारावा अशी गोष्ट मला विचाराल तर ही आहे.