सव्वा रुपयाची मूठ

सुरीचं पातं घडवताना कुणी सल्ला देत नाही. भाता चाललाय, ठिणग्या उडतायत, लोहारमेस्त्री घण उचलतायत, अशा वेळी चार हात लांब उभं राहिलेलं बरं एवढी अक्कल सगळ्यांना असते. सल्ले सुरू होतात ते मुठीपासून. लाकूड दिसलं की आमच्याकडे माणसाला कंठ फुटतो. बागेत निघालेल्या बाप्याच्या कमरेला कोयता, घरातल्या बायका जन्मभर आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, बसलेल्या. त्यामुळे धार आणि मूठ या विषयांत मालवणात अडाणी माणूस शोधून सापडायचा नाही. आणि मी नेमका हाच उद्योग इथे मांडून बसले आहे. हौस म्हणून, ज्याच्या त्याच्या हाताच्या मापाने सुऱ्या करून देते. सासूबाईंचं मत पहिल्याच दिवशी पडलं होतं : "आडाळो आसा मा घरात? मगे ही सुरी कित्याक?"

पात्याचं काम लवकर आटोपतं. ट्रकच्या स्प्रिंगचा जुना पाटा भंगारात मिळतो. फोंडाघाट चढण्या-उतरण्यात त्याचा जन्म गेलेला असतो, सोसायची सवय असते. साधारण ७७० अंशांना लोखंडाला चुंबक चिकटेनासं होतं आणि त्याच्या थोडं वर गेलं की पातं तेलात विझवायचं, असं वाचून मी चुंबक घेऊन गेले. मेस्त्रींनी एकदा चुंबकाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि उठून खिडकी लावून घेतली. "काळोखात रंग समाजता वयनीनू. उजेडात सगळाच लाल." त्यांनी पातं बाहेर काढलं तेव्हा मी हळूच चुंबक लावून बघितलं. चिकटलं नाही. त्यानंतर मी गेले की खिडकी आधीच लावलेली असते.

विझवलेलं पातं कडक होतं, पण ठिसूळही. फरशीवर पडलं तर दोन तुकडे. म्हणून ते २०० अंशांच्या आसपास दोनेक तास शेकायचं, फिकट पिवळी झाक येईपर्यंत. आमचा ओव्हन नानकटाईसाठी घेतलेला. हे वासावर आत आले.

"काय भाजतस?"

"पातं."

"गोड काय तिखट?"

आता मूठ. माप घ्यायला मी गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्ती घडवतात तिथून, शाडू आणते. लांबट वळकटी करायची, समोरच्याला म्हणायचं, सुरमई कापताय असं समजा आणि धरा. तर माणूस सुरमई कापत नाही, फोटोला उभा राहतो. बोटं कशी सुबक जुळवून ठेवतो! त्याला बोलण्यात गुंतवावं लागतं. भाऊबंदकीचा विषय काढला की मूठ खरी आवळली जाते, आणि ते माप कधी चुकत नाही. खिडकीत असे शाडूचे ठसे वाळत असतात. आल्यागेल्याला सासूबाई सांगतात, "सुनेन गावाचे हात घरात आणून ठेवल्यान."

लाकडाच्या बाबतीत मी फणसवाली आहे. शिसव दिसायला राजेशाही, पण तिची पूड नाकात गेली की माणूस कामातून जातो. मास्क लावूनही मी एकदा शिंकत शिंकत रात्र काढली आहे. सागाच्या अंगात मुळातच तेल, थिनरने पुसून घेतल्याशिवाय अराल्डाइटचा गोंद धरत नाही. फणस गुणी. पिवळाधमक असतो आणि वापराने, उजेडाने हळूहळू काळवंडत तांबूस होतो. जुनी घरं पाडली जातात तेव्हा दाराच्या चौकटीचे तुकडे मिळतात. पात्याच्या शेपटीला दोन्ही बाजूंनी पट्ट्या, आरपार पितळेचे खिळे, रात्रभर शिकंजात. सकाळी जे निघतं त्याला मूठ म्हणायला धैर्य लागतं. मग कानस, आणि कानशीनंतर पॉलिश पेपर, नंबर चढेल तसा बारीक : ८०, १२०, १८०, २२०.

माझ्या आतेभावाची सुरी याच टप्प्यावर असताना त्याचा डोंबिवलीहून फोन आला. सुरी पोलीस पकडणार नाहीत ना, ही पहिली शंका. १९५९च्या शस्त्र कायद्यात निव्वळ घरकामाच्या आणि शेतीच्या वस्तू शस्त्रांत धरत नाहीत, असं सांगून त्याला शांत केलं. मग खरी मागणी आली. मुठीत तोंड दिसलं पाहिजे. तोंड बघायला घरात आरसा नाही का, हे ओठावर आलेलं गिळलं आणि ४००, मग ६०० नंबरने घासून दिली. खरोखर सुंदर झाली होती. पाठवण्याआधी सहज पिशवीत टाकून बाजारात नेली आणि आमच्या नेहमीच्या गाबतिणीच्या, म्हणजे मासेवालीच्या, हातात दिली.

तिने धार बघितलीच नाही. बांगडे साफ करत होती त्याच हाताने मूठ धरली, मनगट एकदा वळवलं आणि सुरी माझ्या पिशवीवर ठेवली. "बाय, दिसाक बरी आसा. पण म्हावऱ्याचो हात लागलो काय घसारतली."

तिथेच निकाल लागला. मूठ ही सुक्या हाताने कौतुक करायची वस्तू नव्हे. खवले, रक्त, चिकटा यांच्यासकट ती हातात बसली पाहिजे. मी परत २२०वर आले. या कामात एक गंमत आहे. घासून झालेली मूठ ओल्या फडक्याने पुसायची. लाकूड एकदम गडद होतं, रेषा वर येतात, वाटतं झालंच. अर्ध्या तासाने सुकली की हात फिरवावा : सगळी लव उभी राहिलेली, दोन दिवस दाढी न केलेल्या गालासारखी. ती हलक्या हाताने उतरवायची, पुन्हा भिजवायची, पुन्हा उतरवायची, लाकूड थकून गप्प बसेपर्यंत. हे आपण केलं नाही तर पहिला बांगडा करतो.

यानंतर तेल. आणि महिना कुठला? आषाढ. जवसाचं तेल सुकतं म्हणजे उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. आमच्या हवेत आषाढात प्राणवायू असेलही, पण पाण्याच्या मागे रांगेत उभा असतो. जुना हिशेब असा की आठवडाभर रोज एक हात, मग महिनाभर आठवड्याला एक, मग वर्षभर महिन्याला एक. ह्यांना तो नवस वाटला. शेजारचे म्हणाले, वार्निस मारा, तासाभरात मोकळ्या. वार्निशचा पापुद्रा रोज पाण्याखाली धरला की कडेने उठतो आणि मग माशाबरोबर पोटात जातो, हे त्यांना पटलं नाही. त्यांच्या खुर्च्यांचं कधी असं झालं नव्हतं.

त्यात तेलाच्या फडक्यांचं प्रकरण. बोळा करून कोपऱ्यात टाकलेलं जवसाच्या तेलाचं फडकं आतल्या आत तापून आपोआप पेट घेऊ शकतं. हे खरं आहे, पण ते सासूबाईंना सांगायला नको होतं असं ह्यांचं म्हणणं. त्या दिवसापासून त्या फडक्यांकडे पाठ करून झोपत नाहीत. मी ती पसरून दोरीवर वाळत घालते, ह्यांच्या बनियनांच्या रांगेत, त्यामुळे बनियनही माझ्याच खात्यात तपासले जातात. एकदा तर सासूबाईंनी ह्या वासाच्या तेलाला कंटाळून रात्रीत मुठीला भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, चोळून ठेवलं. टाचांच्या भेगांना त्याच्यासारखं औषध नाही, पण ते सुकून घट्ट होणारं तेल नव्हे. सकाळी मुठीवर पांढरट थर. थिनर, फडकं, पुन्हा पहिला हात.

पैशाचं विचाराल तर सुरी फुकट भेट दिली की नातं तुटतं, अशी समजूत आहे. म्हणून नातेवाईक काहीतरी दाम देतातच. सव्वा रुपया. अराल्डाइट, पितळ, पेपर, तेल, आणि मेस्त्रींची मजुरी धरून माझी नाती चांगलीच महाग पडली आहेत, पण एकही तुटलेलं नाही. उलट दाम मोजल्यामुळे तक्रारीचा हक्क येतो. कैरी कापल्यावर पातं निळसर पडलं, गंजलं का? नाही, पोलादाचं असंच होतं, पुसून खोबरेल लाव.

भावाची सुरी अशी नवरात्रापर्यंत आली. पाऊस हटला, तेल एकदाचं आवळलं, आणि खंडेनवमीला पाटावर कोयते, आडाळा, माझ्या कानशी यांच्या शेजारी तीही मांडली. सासूबाईंनी ओल्या बोटाने हळद-पिंजर, म्हणजे हळद-कुंकू, लावली. थेट मुठीवर, पितळेच्या खिळ्याच्या बरोबर खाली. दुसऱ्या दिवशी मी पेपर घेऊन बसले तर समोर उभ्या.

"तिका कित्याक घासतस? देवाचा बोट आसा ता."

यावर कुठल्या पुस्तकात उत्तर नाही. सुरी बोटासकट डोंबिवलीला गेली. भावाचा फोन आला. तोंड दिसत नाही याबद्दल चकार शब्द नाही. खिळ्याखालचं ते डिझाइन कसं काढलंस, एवढंच विचारत होता. त्याच्या दोन मित्रांना तसंच हवंय. मापं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो म्हणाला, आणि अडीच रुपये गूगल पे केले.