बघ्यांना सोडा, पहारेकऱ्यांना धरा

अपघाताचा व्हिडिओ आला की खाली ठरलेली कमेंट असतेच: "शूटिंग करत उभे राहिलेत त्यांना आत टाका." चीड मलाही येते. तरी बघ्यांवर गुन्हा दाखल करायला माझा विरोध आहे.

१८३७ साली मेकॉलेच्या आयोगाने दंडसंहितेचा मसुदा केला. त्यात एक उदाहरण आहे. नदीला पूर आलाय, वाटसरू पाण्यात उतरतोय आणि तो मरावा म्हणूनच एकजण गप्प बसलाय. गप्प बसणारा तिथे लोकांना सावध करायला नेमलेला पहारेकरी असेल, तर तो खून. ठरवून आणलेला वाटाड्या असेल, तरीही खूनच. पण माणुसकीपलीकडे ज्याचं काही देणं नाही असा कुणी असेल, तर खून नाही. वाचायला निर्दय वाटतं, पण आपला कायदा आजही बराचसा याच वाटेने चालतो. बायकोला कोंडून उपाशी ठेवणाऱ्या नवऱ्याला खुनाच्या प्रयत्नासाठी दोषी धरणं सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये योग्य ठरवलं, कारण तिला जेवू घालणं त्याच्यावर बंधनकारक होतं.

जर्मनीत मदत न करणाऱ्या कुणालाही वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. आपल्याकडे? जखमीला दवाखान्यात नेणाऱ्यामागे शुक्लकाष्ठ लागू नये म्हणून २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४अ कलम घालावं लागलं. आधी त्याची भीती तर जाऊ दे!

माझा राग पहारेकऱ्यांवर आहे. पॉक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून मुलांना संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम १९ ने तर मुलावरचा अत्याचार कळलेल्या प्रत्येकालाच पहारेकरी केलंय, आणि ते मला पूर्ण मान्य आहे. इथे पुरात उडी मारायची नसते, पोलिसांना कळवायचं असतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याला वसतिगृहातल्या मुलींवर अत्याचार झाल्याच्या प्रकरणात, त्या मुलींच्या उपचारासाठी नेमलेल्या डॉक्टरवर माहीत असून न कळवल्याचा आरोप होता. हायकोर्टाने गुन्हा रद्द केला, सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो पुन्हा उभा केला.

न कळवण्याची शिक्षा जेमतेम सहा महिन्यांपर्यंत, संस्थाप्रमुखाला वर्षापर्यंत. बदलापुरात शाळेतच लहान मुलींवर अत्याचार झाले, तेव्हा तेवढंही शाळेच्या पदाधिकाऱ्यांवर कधी लागलं? ऑगस्ट २०२४ मध्ये लोक रुळांवर उतरले, हायकोर्टाने जाब विचारला, त्यानंतर.

अशा प्रत्येक एफआयआरमध्ये पोलिसांनी पहिल्याच दिवशी विचारावं: हे आधी कुणाकुणाला माहीत होतं? त्या नावांचा तपास मोर्चा निघायच्या आत सुरू व्हायला हवा.