दहा प्रश्नांत लहानपण मोजणारा मेसेज

आमच्या यवतमाळकडच्या गटांत सध्या एक मेसेज फिरतोय: ‘लहानपणी छळ झाला का? अमेरिकेतली जगमान्य चाचणी आता मराठीत. १० प्रश्न, हो किंवा नाही. ४ च्या वर गुण म्हणजे तुम्ही मनोरुग्ण. शून्य म्हणजे लहानपण सुखाचं.’ पाठवणाऱ्याचा हेतू वाईट नसेल. पण गावात बायकांशी याच विषयावर बोलत बसणं हे माझं रोजचं काम, म्हणून लिहिते.

‘मनोरुग्ण’ हे तर सरळ चूक. हे प्रश्न फेलिट्टी आणि अँडा या अमेरिकी डॉक्टरांच्या १९९८ च्या अभ्यासातून पुढे आले. हजारो लोकांत मिळून पुढे आजारांचा धोका किती, एवढंच त्यातून दिसतं. एकट्या माणसावर शिक्का मारायला हा आकडा वापरू नका, असं २०२० साली खुद्द अँडांनीच लिहिलं. आज झोप लागते का, जीव घाबरतो का, हे त्यात विचारलेलंच नाही.

आता ‘शून्य म्हणजे सुख’. याचा मला जास्त राग आहे. अमेरिकेत १२९ बायकांना भेटून विचारलं होतं. लहानपणी त्यांच्यावर अत्याचार झाल्याची नोंद दवाखान्यात होती. सुमारे १७ वर्षांनी ३८ टक्के जणींनी तो प्रसंग सांगितलाच नाही. इथं तर एका खोलीचं घर, उंबऱ्यात सासू बसलेली. कोण ‘हो’ म्हणेल? शिवाय मारहाणीचा प्रश्न घरातल्या मोठ्यांपुरताच. आश्रमशाळेच्या वसतिगृहातला मार त्यात मोजलाच जात नाही.

राहिलं ‘मराठीत’. ‘वडील वारंवार मारायचे का?’ असं विचारलं की आजी हसून म्हणते, “बापच होय तो, मारनच ना!” आणि उत्तर ‘नाही’ पडतं. घरात कोणाला ‘नैराश्य’ होतं का म्हटलं की तो शब्द कोणी ओळखत नाही; ‘गमत नाही’ (करमत नाही) म्हटलं की सगळ्याच माना डोलावतात, नुकती सासरी आलेली पोरगीसुद्धा. कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, तर घरची बोलीच वेगळी. म्हणून भाषांतर झालं की ते दुसऱ्याकडून उलट इंग्रजीत करून ताडून पाहतात, लोकांना काय कळलं ते विचारतात, तेच प्रश्न काही दिवसांनी पुन्हा घालतात, आणि आलेले गुण डॉक्टरांच्या सविस्तर मुलाखतीशी जुळतात का ते बघतात. फॉरवर्डमागे यातलं काय झालं, कोणी विचारलं का?

मेसेजच्या शेवटी ‘गुण गटात टाका’ असंही आहे. ते अजिबात करू नका. बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. फोन मात्र वावरात जाऊन करा.